डाव्या दिव्यातलं धुकं

१

धाकट्या बहिणीच्या गाडीचा डावा दिवा मेला, आणि तो आपोआप मेला नाही, कोणीतरी मारला, असं कंपनीने लेखी कळवलं.

'दिव्याच्या मागील बाजूस बाहेरील व्यक्तीने हस्तक्षेप केल्याचे आढळल्याने वाढीव वॉरंटीखालील दावा नामंजूर.' बास, एवढंच. खाली सहीसुद्धा नाही. सहीच्या जागी काय, तर हे पत्र संगणकाने तयार केले आहे. सोबत दिव्याच्या पाठीचा एक पुसट फोटो. माझी तिथेच सटकली.

मी तीस वर्षं विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या, जळालेल्या, बुडालेल्या गाड्या तपासल्या आहेत. बुडालेल्या तर जास्तच, कारण चिखलात उतरायला दुसरा कोणी तयार नसायचा. असली पत्रं मी स्वतः ढिगाने लिहिली आहेत. त्यामुळे आपल्याला कोणी असं पत्र पाठवलं की अंगाचा किती तिळपापड होतो, ते मला निवृत्तीनंतर कळलं.

आणि दिवा म्हणजे काही पूर्वीचा बल्ब नव्हे. बल्ब गेला की कोपऱ्यावरून आणायचा, बसवायचा, विषय संपला. आता काच, आतले बारीक दिवे, त्यांना चालवणारा इवलासा संगणक, सगळं चिकटवून एकच डबा करतात. आतला एक कण गेला तरी अख्खा डबा बदला. त्या डब्याची किंमत मी दोनदा विचारली, कारण पहिल्यांदा मला वाटलं की ते चारही चाकांसकट सांगताहेत. माझी पहिली दुचाकी याहून स्वस्तात आली होती, हेल्मेटसकट.

वाढीव वॉरंटी घ्या, हे मीच सांगितलं होतं. भाऊजी, म्हणजे धाकटीचे यजमान, नको म्हणत होते. मी त्यांना तीस वर्षांचा अनुभव ऐकवला आणि धाकटीने निमूटपणे सही केली. ती माझं ऐकतेच. वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. शाळेच्या प्रत्येक कागदावर पालक म्हणून माझी सही असायची.

मी तिच्या स्वयंपाकघरात उभा होतो आणि ती ओट्याला टेकून बोलत होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. एका दिव्यावर गाडी चालवायची नाही म्हणून संध्याकाळचे पेशंट तिने बंद केले होते. पण तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. ती नवऱ्याशी नऊ दिवस बोलली नव्हती.

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी भाऊजींनी कपडे धुवायचं मशीन उघडलं, बिघडवलं आणि महिनाभर 'आपोआप बंद पडलं' म्हणत राहिले. शेवटी दुरुस्तीवाल्याला आत त्यांचाच स्क्रू ड्रायव्हर सापडला. तेव्हा धाकटीने त्यांना सांगितलं होतं की मशीन गेलं त्याचं काही नाही, पण परत खोटं ऐकावं लागलं तर मी या घरात राहणार नाही. ती उगाच बोलणाऱ्यातली नाही. आता कंपनीचं पत्र आधी भाऊजींच्या मेलवर आलं होतं, आणि त्यांनी ते पूर्ण एक दिवस तिच्यापासून लपवून ठेवलं होतं.

ओट्याखाली पाइपाशेजारच्या भोकातून मुंग्यांची रांग चालली होती. ऐकता ऐकता खाली वाकून मी ते बुजवून टाकलं. उघडं भोक मला बघवत नाही.

"दादा, तो खोटं बोलतोय," ती म्हणाली. "खोटं बोलताना तो चष्मा पुसतो. या नऊ दिवसांत त्या काचा झिजल्या असतील. दिव्याला हात त्याने लावला की नाही, एवढंच मला शोधून दे. तू सांगशील ते मी खरं मानेन."

मी उठून उभा राहिलो तेव्हा दाराआड एक भरलेली बॅग दिसली. रविवारी ती माझ्याकडे राहायला येणार होती, कायमची.

२

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मी आधी फोन केला. एक दाबा, तीन दाबा, कृपया प्रतीक्षा करा. वीस मिनिटं तीच ती बासरी ऐकून मी फोन आदळला आणि स्वतःच गेलो. तिथे टोकन घ्यायचं, थंडगार हॉलमध्ये बसायचं आणि ज्या गाड्या घेऊन आपण पस्तावलो त्यांच्याच जाहिराती भिंतीवर बघायच्या. कॉफीच्या मशीनमधून नुसतं गरम पाणी आलं.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला सल्लागार आला. त्याचं प्रत्येक वाक्य 'अटी आणि शर्तींनुसार' असं सुरू व्हायचं, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव अटीशर्ती ठेवलं. त्याने वॉरंटीची चौदा पानं माझ्यापुढे ठेवली. नवव्या पानावर लिहिलं होतं, दिवा स्वतःच्या दोषाने गेला तर मोफत, पण त्यात बाहेरच्या कोणी काही भरलं, कापलं किंवा उघडलं असेल तर वॉरंटी रद्द.

"ही पानं सही करण्याआधी कोणी वाचतं का?" मी विचारलं.

"आजवर कोणी नाही, सर," तो प्रामाणिकपणे म्हणाला. मला त्याचा आणखीच राग आला.

पण एक गोष्ट त्यांची चोख होती. सर्व्हिसला आलेल्या प्रत्येक गाडीचं बॉनेट उघडून ते आठ ठरलेल्या जागांचे फोटो काढतात, म्हणजे पुढे भांडण झालं तर पुरावा हाताशी. अटीशर्तीने संगणकावर गेल्या सप्टेंबरचा फोटो उघडला. दिव्याच्या पाठीवर रबराची एक छोटी नळी होती, तिचं तोंड स्वच्छ, उघडं. मग या मार्चमधला फोटो. त्याच तोंडावर राखाडी रंगाचा गोळा दाबून बसवलेला. गोळ्यावर एक तिरकी रेघ होती.

"हा ओरखडा कसला?"

"स्क्रू ड्रायव्हर घासला असेल, सर."

स्क्रू ड्रायव्हर म्हटल्यावर मला मशीन आठवलं, आणि मशीनवरून भाऊजी. फोटो मागवून घ्यायला मी खिशातून फोन काढला. माझा फोन माझा अंगठा कधी ओळखत नाही, गेली चार वर्षं हेच रडगाणं आहे. पुराच्या एका गाडीच्या पत्र्याने अंगठा चांगलाच कापला होता. तीनदा अंगठा टेकवून झाला, मग चिडून आकडे दाबले, तेही एकदा चुकले. अटीशर्ती नम्रपणे छताकडे बघत होता.

म्हणजे जे काही झालं ते सप्टेंबर आणि मार्चच्या मध्ये. मी कागदावर यादी केली. गाडी चालवते ती फक्त धाकटी. शनिवारी पुसतात भाऊजी. डिसेंबरात बॅटरी बदलली तिच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याने. जानेवारीत दोघं भाऊजींच्या आईकडे गेले होते, तेव्हा दोन आठवडे गाडी माझ्या फाटकाच्या आत होती. तिच्या आयुष्यातले ते सर्वांत सुरक्षित दोन आठवडे. मी तिला रोज धूत होतो.

मी निघालो तसा अटीशर्तीने मागून हाक मारली. म्हणाला, "सर, रागावू नका. अशा केसेसमध्ये माणूस बाहेरचा कधीच नसतो. घरातलाच असतो."

३

गल्लीतल्या गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो इंजिनाला खरोखरची डॉक्टरांची नळी लावून ऐकतो. बोलणं कमी, आणि आपण बोललेलं त्याला आवडत नाही. मी जाताच त्याच्यावर चढलो. डिसेंबरात बॉनेट तूच उघडलं होतंस, दिव्यामागे काय कोंबलंस, वगैरे. त्याने हातातलं काम पुरं केलं, हात पुसले आणि माझ्या फोनमधला फोटो मोठा करून बघितला. बराच वेळ बघितला.

मग त्याने मला एका उघड्या बॉनेटपाशी नेलं आणि दिव्यामागची तशीच नळी दाखवली. हे दिव्याचं नाक, म्हणाला. दिवा तापला की आतली हवा बाहेर जाते, गार झाला की परत आत येते, तिच्याबरोबर आतली वाफही निघून जाते. नाक बंद केलं की ओल आतच कोंडते, काचेवर धुकं धरतं आणि हळूहळू आतला संगणक कुजतो. आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा हे नाक बुजवणार नाही.

"शिवाय हे आमचं सामान नाही," तो म्हणाला. "आमचं फटी बुजवायचं सीलंट काळं असतं, ट्यूबमधून येतं. ही मळून लावायची पुटी आहे, नळाच्या कामाची. ज्याने लावली त्याला गाडीत पाणी शिरायची फार भीती आहे. गाड्यांतलं त्याला थोडंफार कळतं, पण दिव्यातलं काही कळत नाही. आणि कोणाला विचारायची सवय नाही."

मला एकदम हायसं वाटलं. हे वर्णन भाऊजींचंच होतं, आणखी कोणाचं असणार. मी त्याला वॉरंटीचं विचारलं. तो म्हणाला, अशा महागड्या दिव्याला ती घ्यायला हरकत नाही, पण एकदा घेतली की बॉनेटखाली बोट घालायचं नाही, तेवढं ज्याला जमत नाही त्याने घेऊच नये. हे म्हणताना तो माझ्या हातांकडे बघत होता असं मला वाटलं. मी दुर्लक्ष केलं.

४

भाऊजी एका मोठ्या वाचनालयात फाटलेली पुस्तकं बांधतात. त्यांची खोली तळघरात आहे. खळीचा वास, लाकडी दाबयंत्र, दोऱ्याची रिळं आणि भिंतीला टांगलेली दाभणं. मी गेलो तेव्हा ते एका जाड पुस्तकाच्या पानांचे कोपरे भिंगातून बघत होते. वाचकांच्या अंगठ्यांनी पानं जिथे काळी पडतात तिथेच पुढे फाटतात, म्हणून ते आधी तिथे पातळ कागद लावतात.

मी गेल्या गेल्याच त्यांच्या टेबलाचा खण उघडला. हो, मला लाज नाही वाटली. खणात टेपच टेप होती. पांढरी, तपकिरी, कापडी. घरातसुद्धा हा माणूस सगळं टेपनेच जोडतो, त्यांची चप्पलसुद्धा टेपवर चालते. पुटीचा मागमूस नव्हता. तरी मी समोर खुर्ची ओढली.

"भाऊजी, सरळ उत्तर द्या. तुम्ही दिव्याला हात लावलात?"

"नाही, दादा." त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

"मग कोणी लावला?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. "मला काय माहीत."

"पत्र एक दिवस का लपवलंत?"

चष्मा अजून हातातच होता. "विसरलो."

माझा आवाज चढला. वाचनालयात एवढ्या मोठ्याने कोणी बोललं नसेल. मी त्यांना सांगितलं की दाराआड बॅग भरून ठेवली आहे, आणि तुमच्या असल्या थापांपायी माझ्या बहिणीचा संसार मोडणार आहे. बॅगेचं त्यांना माहीत नव्हतं. ते एकदम खाली बसले. सदऱ्याच्या टोकाने चष्म्याच्या काचा पुन्हा पुसू लागले.

"दादा, तिला सांगा मीच केलं," ते शेवटी म्हणाले. "माफी मागतो म्हणावं. आणि हे इथेच थांबवा, पुढे शोधू नका."

५

कबुली मिळाली होती. रविवारी सकाळी ती सांगायला मी धाकटीकडे निघालो आणि वाटेत मला माझाच वैताग येत होता, कारण आनंद काही होत नव्हता. तीस वर्षांत शेकडो खोटे लोक मी ऐकले. खोटा माणूस आधी नाकारतो आणि पुरावा दाखवल्यावर कबूल करतो. भाऊजींना मी कसलाच पुरावा दाखवला नव्हता, फक्त बॅगेचं सांगितलं होतं.

मग चष्म्याचं मी परत पहिल्यापासून आठवलं. हात लावलात का, तेव्हा चष्मा नाकावर होता. कोणी लावला, तेव्हा पुसला. पत्र का लपवलंत, तेव्हाही हातात. आणि 'मीच केलं' म्हणताना? अहो, तेव्हाही ते पुसतच होते. म्हणजे ते पहिलं 'नाही' तेवढं खरं होतं. बाकी सगळं खोटं, कबुलीसकट. त्यांना माणूस माहीत होता आणि ते त्याच्यावर पांघरूण घालत होते. बायको जाईल हे कळल्यावरसुद्धा. हा टेपवाला माणूस एवढं कोणासाठी सोसेल, ते काही माझ्या डोक्यात शिरेना.

धाकटीने दार उघडलं. बॅग आता बाहेरच्या खोलीत आली होती. भाऊजी खिडकीशी पाठ करून उभे होते. मी आधी पाणी मागितलं, तर ती म्हणाली स्वयंपाकघरात ये, आणि सहज बोलून गेली की दादा, तुझ्या त्या ठिगळापासून मुंग्या बंद झाल्या बरं का.

पेला घेता घेता मी ओट्याखाली वाकलो. पाइपाशेजारी राखाडी रंगाचा गोळा दाबून बसवलेला होता. त्यावर एक तिरकी रेघ होती.

पेला ओट्यावर ठेवायचं मला सुचलं, हेच पुष्कळ. शर्टाच्या खिशाला हात लावला. पुटीची कांडी तिथेच होती, नेहमी असते, चष्म्याच्या घरासारखी. अंगठा डोळ्यांसमोर धरला. पत्र्याने कापल्याचा वण, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिरका.

६

मी दोघांनाही टेबलाशी बसवलं. तपासाचा निष्कर्ष मी आयुष्यभर उभ्याने सांगत आलो, त्या दिवशी बसून सांगितला.

सांगितलं की सप्टेंबर ते मार्चमध्ये धाकटी सोडून गाडीला हात लावणारे तीनच जण. डॉक्टरला नाक कशासाठी असतं ते माहीत आहे. भाऊजींकडे पुटी नाही, टेप आहे. तिसऱ्या माणसाने ती गाडी दोन आठवडे रोज धुतली, रोज बॉनेट उघडलं, आणि बुडालेल्या गाड्या बघून बघून त्याची अशी खोड झाली आहे की भोक दिसलं की हात खिशात जातो. त्याने ते दिव्याचं नाक बुजवलं, वर अंगठ्याने शिक्का मारला आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेला. मग तोच माणूस चार दिवस सगळ्यांवर ओरडत फिरला. मी फोनवर मार्चचा फोटो उघडला आणि त्याच्याशेजारी अंगठा ठेवला.

"कंपनीचं बरोबर होतं," मी म्हणालो. हे वाक्य मला फार जड गेलं.

धाकटीने फोटो बघितला, अंगठा बघितला आणि मग वळून नवऱ्याकडे बघितलं. नऊ दिवसांचे आता तेरा झाले होते. "तुला माहीत होतं?"

"पत्रासोबतचा फोटो बघितल्या बघितल्या," भाऊजी म्हणाले. "दिवसभर पुस्तकांवरचे अंगठेच बघतो मी. आणि या घरात दादांचे सात आहेत. न्हाणीघराच्या खिडकीला, गच्चीच्या दाराला, सगळीकडे."

"मग बोलला का नाहीस?"

चष्मा नाकावरच होता. "तुला दादा एकच आहे. वडिलांच्या जागी. माझं काय, मी मशीनच्या वेळी खोटा पडलेलोच होतो. म्हटलं, आणखी एकदा."

मला कोणीतरी चारचौघांत कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं. ज्या माणसाला मी दोन वर्षं खोटारडा म्हणत होतो, त्याने माझी चूक तेरा दिवस आपल्या अंगावर ओढून घेतली होती, आणि मी त्याचे खण उचकत होतो.

मग एकदम आठवलं. मी कधीच अर्धं काम करत नाही. उजवा दिवा.

तिघंही जिना उतरलो. बॉनेट उघडलं तर तिथेही गोळा होता, माझाच, शिक्क्यासकट. काचेच्या कोपऱ्यात धुकं धरायला लागलं होतं, पण दिवा जिवंत होता. भाऊजींनी आपल्या कामाच्या पिशवीतून दाभण काढलं आणि पुस्तकाची शिवण उसवावी तसा तो गोळा कण कण करत उकरला. मी हात पुढे केला तर धाकटी म्हणाली, दादा, तू लांब उभा राहा. मी राहिलो. नाक मोकळं झालं, भाऊजींनी दिवा लावून ठेवला, आणि अर्ध्या तासाने धुक्याची कड बोटभर मागे सरकली होती.

डाव्या दिव्याचे पैसे मी देतो आहे, त्यावर चर्चा नाही. आणि वाढीव वॉरंटी घ्यावी का, असं अजूनही लोक मला विचारतात. मी सांगतो, घ्या, पण नववं पान आधी वाचा, आणि घरातल्या अनुभवी माणसाला गाडीजवळ फिरकू देऊ नका.

वर आल्यावर धाकटीने माझ्यापुढे तळहात धरला. मी कांडी मुकाट्याने तिच्या हातावर ठेवली. मग तिने बाहेरच्या खोलीतली बॅग उचलली, आत नेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. आतूनच तिने नवऱ्याला विचारलं की घरातली ती दादाची सातही ठिगळं आता काढून टाकायची का.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मग आतल्या खोलीकडे.

"राहू देत," ते म्हणाले. "भिंतींना नाक नसतं."

आतून धाकटी हसली. मग तिने आम्हा दोघांनाही चहा टाकायला सांगितला.